शिल्लक सेकंद

दिनांक एक जानेवारी २०१७ रोजी पहाटे परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या संकीर्ण कार्यालयास एक सेकंद प्राप्त झाला. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांची अजून त्या कार्यालयात कामं अडकलेली आहेत. पालमला जाणारी एसटी त्या गावात थांबते आणि ताडकळसला जाणारी थांबते असं फलकावर लिहिलेलं आहे, एवढी खूण पुरे.

सेकंद कुठून आला ते आधी सांगायला हवं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, पण ती काही नियमांचं पुस्तक वाचून फिरत नाही. अधूनमधून रेंगाळते. शास्त्रज्ञांची अणुघड्याळं मात्र रेंगाळत नाहीत. दोघांत अंतर पडत चाललं की जगातले जाणकार एकत्र बसतात आणि साऱ्या घड्याळांना एक जादा सेकंद देऊन पृथ्वीसाठी थांबवतात. ह्याला लीप सेकंद म्हणतात. तो दिला जातो विलायतेतल्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. तुम्ही तेव्हा झोपला होतात. मीही झोपलो होतो.

विष्णुपंत मात्र जागे होते. विष्णुपंत म्हणजे संकीर्ण कार्यालयाचे अव्वल कारकून. जी कामं दुसऱ्या कोणत्याच खात्यात बसत नाहीत ती ह्या कार्यालयाकडे येतात, आणि आल्यावर विष्णुपंतांकडे राहतात. त्यांच्या हाती वरून परिपत्रक आलं होतं की सर्व कार्यालयांनी आपापल्या घड्याळात एक जादा सेकंद समाविष्ट करावा. करायचं एवढंच होतं की साडेपाच वाजता घड्याळ एक सेकंद थांबवायचं. पण विष्णुपंतांनी उभी नोकरी एका तत्त्वावर केली होती. वरून जे येतं ते आधी जमा होतं. खर्च पुढची पायरी, आणि खर्चाला मंजुरी लागते. परिपत्रकात सेकंद दिल्याचं स्पष्ट लिहिलं होतं, तो खर्च करण्याचे अधिकार कुणाला, ह्याचा उल्लेख नव्हता.

म्हणून त्यांनी घड्याळाला हात लावला नाही. सेकंद आला तसा जमा करून घेतला. रीतसर पंचनामा केला. पंच म्हणून समोरचे चहावाले पंडित आणि कार्यालयाचा पहारेकरी हजर होते. "सदर सेकंद आम्हां पंचांसमक्ष आला. रंग नाही, वास नाही. नग एक. स्थिती नवी." मग खाकी पाकीट, लाख, मोहोर, आणि लोखंडी कपाटात झेंडा ठेवतात त्याच्या खालचा कप्पा. त्या दिवशी रविवार होता, तेव्हा सुट्टीच्या दिवशी काम केल्याबद्दल विष्णुपंतांनी पुढे एक पूर्ण दिवसाची बदली रजा घेतली. तीही रीतसर मंजूर झाली.

इथे एक बारीक गोष्ट घडली आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. देशाची घड्याळं एक सेकंद थांबून पुढे चालू लागली. ह्या कार्यालयाचं घड्याळ थांबलंच नाही. त्यामुळे दारावरचं ते लाल आकड्यांचं घड्याळ त्या पहाटेपासून देशाच्या एक सेकंद पुढे चालत आलं आहे. घड्याळ अचूक असल्याचा दाखला दरवर्षी घेतला जातो, आणि तो देण्याचं काम कुठल्याच खात्यात बसत नसल्यामुळे हेच कार्यालय तो देतं.

दर मार्च एंडला शिल्लक दाखवताना सेकंदाची ओळ यायची आणि पुढच्या वर्षात ओढली जायची. साहेब आले, साहेब गेले. एका साहेबांनी तो श्रद्धांजलीच्या दोन मिनिटांत मिसळून संपवावा असं सुचवलं होतं, पण लेखाशीर्ष जुळेना. गावात मात्र सेकंदाची बरीच ख्याती झाली. पाहुणे आले की लोक त्यांना कपाट दाखवायला घेऊन येत, आणि विष्णुपंत ते बाहेरून दाखवत.

अशी आठ वर्षं गेली आणि पंकजाचा अर्ज आला.

पंकजा म्हणजे शिवशंकरची बायको. दसरा झाला की दोघं ऊसतोडीला जातात आणि पाचवीतल्या लेकीला, सत्यशीलेला, बरोबर नेतात. पोरीची शाळा दरवर्षी सहा महिने बुडते. ह्या साली गावातच ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह निघालं आणि तिथे स्वयंपाकीण हवी अशी जाहिरात आली. पोरीला एकटीला तिथे ठेवायला पंकजाचं मन धजत नव्हतं, म्हणून तिने मनाशी ठरवून टाकलं. नवरा एकटा जाईल, आपण गावात राहू, पन्नास लेकरांच्या भाकरी थापू, त्यांत एक लेकरू आपलं असेल. एवढंच तिला पाहिजे होतं. वसतिगृह कोणत्याच खात्यात बसत नसल्याने भरती संकीर्ण कार्यालयाकडे होती. मुदत होती शेवटच्या दिवशी सायंकाळी पाच वाजेपर्यंत, कार्यालयाच्या घड्याळानुसार.

शेवटच्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीआधीपासून रांगेत उभी होती. सुट्टी झाली, सुट्टीनंतरचा चहा झाला, रांग मुंगीच्या पावलांनी सरकली. अखेर खिडकीपुढे तीच उरली. तिने अर्ज पुढे केला आणि तेवढ्यात बाजूने एक पांढरा, कडक इस्त्रीचा हात खिडकीत गेला.

"एकच सेकंद हं, ताई," हाताचे मालक गोड आवाजात म्हणाले. त्यांनी आपला अर्ज आत सरकवला. विष्णुपंतांच्या गुडघ्याची चौकशी केली. विष्णुपंतांनी गुडघ्याचा वृत्तांत सांगितला. गृहस्थांनी एका तेलाचं नाव सुचवलं, मागे न बघता निघून गेले, आणि मग पंकजाचा अर्ज उंबरठा ओलांडून आत पडला.

"बाई, मुदत संपली," विष्णुपंत म्हणाले.

"आवं, आत्ता तर हात घातला की म्या!"

"हात घातला, मान्य हाय. पण घड्याळ काय सांगायलंय ते बघा. पाच वाजून एक सेकंद."

"दुपारधरनं उभी हाय मी, साहेब. त्यो पांढऱ्या कापडातला माणूस मधीच घुसला म्हणून..."

"त्यांचा अर्ज वेळेत आलाय," विष्णुपंतांनी सांगितलं, आणि अर्जावर शेरा मारला: एक सेकंद विलंबाने प्राप्त, सबब अपात्र. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. शेऱ्याची प्रत त्यांनी तिला लगेच दिली, पुन्हा हेलपाटा नको म्हणून.

पंकजा तो कागद घेऊन सिद्धोधन सरांकडे गेली. ते सत्यशीलेचे विज्ञानाचे शिक्षक. सरांनी शेरा वाचला, आधी हसले, मग तो पुन्हा एकदा वाचला.

"पंकजाताई, तुमी वेळेवर होतात," ते म्हणाले. "त्यांनी तो सेकंद कपाटात कोंडून ठेवलाय ना, म्हणून त्यांचं घड्याळ एक सेकंद पुढं पळायलंय. त्यांच्याकडं पाच वाजून एक सेकंद झाला तेव्हा सगळ्या देशात बरोबर पाच वाजले होते."

"मंग आता?"

"मग काय, हे तर सरळ हाय. सांगितलं की पटतंय."

सर शिकवायला चांगले होते, पण कार्यालयांचा त्यांना अनुभव कमी होता.

तालुक्याच्या संकीर्ण अधिकारी तेव्हा मधुवंती मॅडम होत्या. पुण्याहून नुकत्याच आलेल्या, हुशार, कुणाचंही ऐकून घेणाऱ्या. त्यांनी सरांचं सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटलेलं आहे."

पंकजाने हात जोडले.

"आणि पटल्यामुळेच मला ते मान्य करता येणार नाही," मॅडम पुढे म्हणाल्या. "घड्याळ चुकीचं आहे असं मी एकदा लिहिलं, तर ते आठ वर्षं चुकीचं होतं असा त्याचा अर्थ होतो. मग आठ वर्षांतला प्रत्येक निकाल उघडावा लागेल. शिवाय आमचा सगळा स्टाफ आठ वर्षं रोज एक सेकंद लवकर घरी गेला, असं होईल. पगारातून कापावं लागेल."

"मॅडम, मग रोज एक सेकंद लवकर आले बी असतील की," सर म्हणाले.

विष्णुपंतांनी खाली मान घालून कागद चाळले. येण्याची वेळ कुणी घड्याळावर पाळलीच नव्हती. जाण्याची मात्र सगळ्यांनी काटेकोर पाळली होती, त्यामुळे वजाबाकी जुळेना.

मॅडमना पंकजाची खरोखर दया आली. त्यांनी मार्ग काढला. "आमच्याकडे एक सेकंद शिल्लक आहे. यांना एक सेकंद कमी पडतोय. तो यांना देता येईल. फक्त लाभार्थी आम्हाला परस्पर निवडता येत नाही. जाहिरात द्यावी लागेल."

जाहिरात लागली. शासकीय सेकंदासाठी गरजूंकडून अर्ज मागवण्यात येत आहेत. तालुका उलटला. देवगाव फाट्यावर ज्याची एसटी डोळ्यांदेखत सुटली होती त्याने अर्ज केला. लग्नाचा मुहूर्त टळलेल्या नवरदेवाच्या चुलत्याने केला. कबड्डीत शेवटच्या चढाईला बाद झालेल्या पोराने केला. एका मोठ्या बागायतदाराने दोन मुलांच्या नावे अर्धा अर्धा मागितला. अर्जाला 'वेळ नसल्याचा दाखला' जोडायचा होता. तो मिळवायला चार दिवस रांगेत उभं राहावं लागे, आणि जो माणूस चार दिवस उभा राहू शकतो त्याच्याकडे वेळ नाही असं कसं म्हणायचं, ह्या कारणास्तव तो नाकारला जाई. पंकजाही चार दिवस उभी राहिली. तिलाही नाकारला. गावात ऊसतोडीच्या ट्रकची तारीख बोलली जाऊ लागली होती.

तेवढ्यात वरून नवीन पत्र आलं. पृथ्वीने आता उलटी खोडी काढली होती. रेंगाळणं सोडून ती जरा जास्तच भरभर फिरू लागली होती, आणि असंच चाललं तर पुढेमागे एखादा सेकंद काढून घ्यावा लागेल असं शास्त्रज्ञ म्हणत होते. शिवाय लीप सेकंदाचा हा सगळा खटाटोपच २०३५ पर्यंत बंद करायचं जगाने ठरवलं होतं. तरी ज्या कार्यालयांकडे सेकंद अखर्चित पडून असेल त्यांनी तो तत्काळ समर्पित करावा. तपासणीला सूर्यभान नावाचे लेखापरीक्षक जीपमधून हजर झाले.

कपाट उघडलं. पाकीट निघालं. लाख शाबूत, मोहोर शाबूत. सूर्यभान साहेबांनी पाकीट फोडलं, उलटं केलं, टेबलावर झटकलं.

"सेकंद कुठंय?"

"ह्यातच होता, साहेब," विष्णुपंत म्हणाले. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते.

"पंचनाम्यात तुमी लिवलंय, नग एक, स्थिती नवी. हितं नगच न्हाई, तर स्थिती कशाची बघू? अपहार झालाय हा. सरळ सरळ अपहार."

सिद्धोधन सरांना बोलावण्यात आलं. सेकंद पाकिटात राहत नाही, तो तेव्हाच्या तेव्हा जातो, असं त्यांनी सांगितलं. तो गेला असेल तर कुणाच्या आदेशाने गेला, ते लेखी द्या, असं साहेबांनी त्यांना सांगितलं. सर शाळा भरायची वेळ झाली म्हणून निघून गेले.

"सोपं हाय," सूर्यभान म्हणाले. "सेकंद हवेत विरघळत न्हाई. इथनं गेला म्हंजी कुणाकडं तरी जादा झाला. कुणाकडं एक सेकंद जादा निघायलाय ते रेकॉर्डला बघा."

विष्णुपंतांनी आठ वर्षांचं रेकॉर्ड बघितलं. कार्यालयीन वेळेपेक्षा बरोबर एक सेकंद जास्त, असं साऱ्या तालुक्यात एकाच व्यक्तीच्या नावापुढे लिहिलेलं सापडलं. अक्षर त्यांचंच होतं.

पंकजाला वसुलीची नोटीस गेली. शासकीय सेकंद आपल्या ताब्यात आढळून आला आहे, तो परत करावा, अन्यथा कारवाई करण्यात येईल. ती आली तेव्हा ट्रकला दोन दिवस उरले होते. मॅडम, सूर्यभान साहेब आणि विष्णुपंत एका बाजूला बसले होते. ती उभी होती. बसा म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

"बाई, सरकारचा एक सेकंद तुमच्याकडं निघायलाय," सूर्यभान म्हणाले. "कबूल हाय का?"

"साहेब, तुमचा सेकंद म्या न्हाई नेला. त्या दिशी माझ्या म्होरं जे भाऊ घुसले, त्यांनी नेला. त्यांनी सोता तोंडानं सांगितलं, एकच सेकंद हं ताई. मागितला आन् नेला. मी न्हाई म्हणले न्हाई, एवढी माझी चूक."

"ते वेगळं प्रकरण हाय. त्याचा जबाब वेगळा घेऊ. तुमचं बोला."

पंकजाने थोडा विचार केला. "बरं, कबूल केलं तर काय व्हतंय?"

"परत करावा लागतो."

"आन् परत केल्यावर माझ्याकडं किती जादा ऱ्हातो?"

"काहीच न्हाई. निरंक."

"मंग मी त्या दिशी कवा आले म्हणायचं?"

विष्णुपंतांनी सवयीने बोटांवर वजाबाकी केली. पाच वाजून एक सेकंद, वजा वसूल एक सेकंद.

"पाच वाजता," ते पुटपुटले, आणि पुटपुटल्यावर त्यांनी जीभ चावली.

"मंग घ्या की!" पंकजा म्हणाली. "आत्ताच्या आत्ता घ्या. न्हाई कोण म्हणायलंय? म्या नेला, म्या आणून दिला. पावती तेवढी द्या, आन् माझा अर्ज वेळेवर आला असं लिवा."

सांगायला लाज वाटत नाही, हे मला कुणी सांगितलं तेव्हा मी जागेवरून उठून टाळी दिली होती. साऱ्या कार्यालयाने आठ वर्षांत विणलेलं जाळं तिने उभ्या उभ्या उलटं करून त्यांच्याच अंगावर टाकलं होतं. पण मी कार्यालयाला कमी लेखलं होतं.

मॅडमनी चहाची सुट्टी जाहीर केली. सुट्टी लांबली. परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं आणि हातात टाइप केलेला आदेश होता. वसुली तत्त्वतः मान्य करण्यात आली होती. मात्र लाभार्थी दुर्बल घटकातील असल्याने तिच्यावर एकदम बोजा पडू नये, म्हणून सहानुभूतीपूर्वक विचार करून सदर सेकंदाची वसुली दहा वार्षिक हप्त्यांत करण्यात येईल. दरवर्षी एक दशांश सेकंद.

"म्हणजे दरवर्षी तुम्ही वेळेच्या थोड्या थोड्या जवळ येत जाल," मॅडम प्रेमाने म्हणाल्या. "आणि २०३५ साली तुमचा अर्ज पूर्णपणे वेळेवर आलेला असेल. तेव्हा तुमचा विचार नक्की होईल."

"तवर लेकरांच्या भाकरी कोण थापील?"

त्याचा उल्लेख आदेशात नव्हता. सूर्यभान साहेबांनी आक्षेप मिटल्याची सही केली. विष्णुपंतांची निवृत्ती सुरक्षित झाली. सगळ्यांच्या अडचणीतून एकदम सुटका व्हावी असे दिवस सरकारी नोकरीत फार थोडे येतात.

स्वयंपाकिणीची जागा भरली. पाच वाजण्याच्या आत आलेला शेवटचा अर्ज पात्र ठरला. तो त्या इस्त्रीवाल्या गृहस्थांच्या सुनेचा होता. सूनबाई परभणीत राहतात. येण्याजाण्यात फार वेळ मोडतो म्हणून त्या येत नाहीत. भाकरी वसतिगृहातल्या सहावी-सातवीच्या पोरी थापतात आणि बाकीची मुलं कच्च्या-करपलेल्या तशाच खातात.

ट्रक ठरल्या दिवशी आला. पंकजा भांडी, गाठोडी आणि पोर घेऊन चढली. सिद्धोधन सरांनी सत्यशीलेला विज्ञानाचं पुस्तक दिलं आणि पृथ्वीच्या धड्यावर खूण करून दिली. पोरीने विचारलं, सर, पृथ्वी आता जोरात फिरायलीय, तर आम्ही लवकर परत येऊ का? सरांनी खाली राहिलेलं गाठोडं उचलून वर दिलं. मला ह्या सगळ्याचा राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही, हे सरळ सांगून टाकतो.

राहिलं ते वेगळं प्रकरण. सूर्यभान साहेब शब्दाला पक्के. पंकजाचा जबाब त्यांनी नोंदवला आणि तिच्या सांगण्यावरून संशयिताचं वर्णन एसटी स्टँडवर लावलं. कपडे स्वच्छ. बोलणं गोड. अनोळखी बाईला ताई म्हणतो. नेहमी घाईत असतो. रांग दिसली की त्याचं काम फक्त एका सेकंदाचं असतं. मागे वळून बघत नाही. आपण काही वाईट केलं असं त्याला वाटत नाही. ज्यांनी कुणी खिडकीवर असा सेकंद घेतला असेल त्यांनी तो कार्यालयात आणून द्यावा.

त्या गृहस्थांनी स्वतः ते वाचलं, मान डोलावली, आणि असले लोक फार माजलेत असं म्हणाले. परत करायला आजवर कुणीही आलेलं नाही. वर्णन इतक्या लोकांशी जुळायला लागलं की तपास तालुक्याबाहेर गेला. विष्णुपंत निवृत्त झाले तरी हौसेने त्याच कामावर आहेत. परवा मला भेटले. ही गोष्ट मी लिहितोय असं कळल्यावर म्हणाले, तुमच्या वाचकांचीही चौकशी करावी लागेल.

मी म्हटलं, "छे, माझे वाचक तसले नाहीत. सुशिक्षित माणसं हायत."

"तेच तर वर्णनात बसायलंय," विष्णुपंत म्हणाले. "फार न्हाई विचारायचं त्यांना. बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, शेवटचं 'एकच सेकंद हं' कधी म्हणले, आणि तेव्हा मागं कोण उभं होतं, एवढंच विचारा."

म्हणून विचारतोय. कोण उभं होतं?